दोन्ही देवांची शप्पथ

“हलू नको रे. भांग वाकडा जातो.”

“मग लवकर कर ना, ताई. कबऱ्याला कोंडा द्यायचाय.”

कबऱ्या म्हणजे बोकड. चार दिवसांपूर्वी बाबांनी बाजारातून आणून तो गिरणीच्या दारातल्या खांबाला बांधला होता, आणि तेवढ्यात माझ्या भावाची त्याच्याशी अशी दोस्ती झाली होती, की सकाळी उठल्यावर दात न घासता तो आधी तिकडे पळायचा. बोकड कशासाठी आणलाय हे मला माहीत होतं. मी बारा वर्षांची होते. भावाला पाचवं सरत आलं होतं आणि त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

मी त्याची वेणी घालत होते. जन्मापासून एकदाही कात्री न लागलेले ते केस कमरेपर्यंत आले होते. मऊ, थोडे तांबूस, माझ्यापेक्षा दाट. बालवाडीतली पोरं त्याला “ए पोरी” म्हणून चिडवायची. तो रडत घरी यायचा आणि आत्या म्हणायची, “रडू नको माझ्या राजा, एकदा देवीपुढं जावळ निघालं की बघ कसा मर्द दिसतो.” हे ऐकलं की आई स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात ठेवायची.

त्याला नावंही दोन होती. बाबा आणि आत्या त्याला अंबादास म्हणायचे, आई चक्रपाणी म्हणायची. दोघांपैकी कुणीही हाक मारली तरी तो ओ द्यायचा. मी बंट्या म्हणायचे, म्हणजे कुणाच्याच बाजूनं बोलल्यासारखं व्हायचं नाही.

माझ्या आणि त्याच्या मध्ये आईची दोन मुलं गेली. एक सहा दिवसांचं, एक चार महिन्यांचं. दोन्ही वेळा बाबांनी मूळ गावच्या टेकडीवरच्या देवीला बोकड दिला होता. ती आमची कुळदेवी. दुसरं मूल गेल्यावर आई माहेरी गेली ती तीन महिने आलीच नाही, आणि आली तेव्हा तिनं महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला होता. मामानं तिच्या आधीच घेतला होता. त्यानंतर एका परमेश्वराशिवाय दुसऱ्या कुठल्या देवाला तिनं हात जोडले नाहीत, दुसऱ्या देवाचा प्रसाद तोंडात घातला नाही. घरात देवीचा नैवेद्य झाला की ती स्वतःची भाकरी वेगळ्या तव्यावर टाकायची. तिची दोन पातेली वरच्या फळीवर असायची. पहाटे उठून कोनाड्यापुढे बसून ती नामस्मरण करायची, आणि समोरच्या भिंतीला बाबांचा देव्हारा होता, तिथे आत्या घंटा वाजवायची. एकाच खोलीत, एकमेकींकडे पाठ करून.

मग बंट्या झाला, आणि जगला.

बाबा म्हणायचे, “मी नवस बोललो होतो. पोरगं जगलं तर पाचव्या वर्षी बोकड देऊन जावळ काढीन. देवीनं ऐकलं.”

आई म्हणायची, “मी कुणाला काही मागितलं नाही. मागायचं सोडलं, तेव्हा हा जगला.”

ही दोन वाक्यं मी इतक्या वेळा ऐकली होती, की गिरणीचा पट्टा फिरताना ती मला त्याच तालात ऐकू यायची.

* * *

जूनमध्ये बंट्याला पहिलीत घालायचं होतं. गुरुजी म्हणाले होते, “पोराचे केस काढून आणा बुवा, नाव नंतर लिहू.” त्यामुळे मे महिन्यातला शुक्रवार ठरला. बाबांनी जीप सांगितली, भावकीत निरोप गेले. एकच अडचण होती. जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसवतात, आणि मामानं साफ कळवलं होतं, “जिथं जीव कापणार, तिथं मी मांडी घालून बसणार नाही.”

बुधवारी संध्याकाळी आत्यानं तोडगा काढला. ती बाबांची थोरली बहीण, आक्का. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहायची, आणि घरात तिचा शब्द चालायचा.

“मामा नसला म्हणून काय आडतंय?” माझ्याकडं बोट करत ती म्हणाली, “तो पानपट्टीवाला सोपान आहे ना, तो वैजूच्या आईच्या गावचाच आहे. मानलेला मामा. बसंल तो मांडीवर घेऊन.”

आई पिठात पाणी घालत होती. हात न थांबवता म्हणाली, “आक्का, माझा भाऊ जिवंत आहे.”

“मग बोलव ना त्याला! आम्ही काय नको म्हणलं? तुमच्या देवाला आमच्या देवीचा विटाळ होतो, त्याला आम्ही काय करावं?”

“विटाळ नाही हो. माझं म्हणणं एवढंच, की पोराचे केस काढा, खुशाल काढा. आश्रमात नेऊ, तिथल्या महंतबाबांसमोर दंडवत घालू, गावचा न्हावी केस काढील. चार माणसं जेवतील. त्या मुक्या जिवाला काहून मारायचं?”

बाबा पायरीवर बसून हातापायाचं पीठ झटकत होते. दिवसभर गिरणीत राहून त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. ते म्हणाले, “नवस मी बोललोय.”

“पोर माझ्या पोटातून आलंय.”

“आधीची दोन पण तुझ्याच पोटातून आली होती.”

आई उठली. पिठाचे हात तसेच घेऊन ती बाबांसमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, ती आता ओरडेल. पण ती अगदी हळू बोलली.

“त्या दोघांच्या वेळी मी गप बसले. टेकडीवर आले, कुंकू लावून घेतलं, बोकड कापताना बघितला. कपाळावर रक्ताचा टिळा लावून घेतला. काय दिलं तुमच्या देवीनं?”

“तोंड सांभाळ!” आत्या म्हणाली.

“माझ्या लेकराला रक्ताचा टिळा लावू देणार नाही. शुक्रवारी ह्या पोराला जीपमध्ये घातलं, तर मी पुन्हा ह्या घरात दिसणार नाही.”

“आणि तू त्याला आश्रमात नेलंस,” बाबा म्हणाले, “तर हे दार तुला बंद.”

बंट्या माझ्या मांडीवर होता. त्याची वेणी माझ्या हातात होती. तो माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, “ताई, कबऱ्याला कापणारेत?”

मी वेणीची रिबीन घट्ट केली.

“माझ्या केसांमुळं?”

“झोप तू.”

“केसच नसले, तर नाही ना कापणार?”

* * *

गुरुवारी दुपारी लाइट गेली आणि गिरणी थांबली. बाबा जीपवाल्याला विसार द्यायला स्टँडवर गेले. आत्या ओसरीत पदर तोंडावर घेऊन घोरत होती. आई शेजारी शिवायला घेतलेली झंपरं द्यायला गेली होती, आणि तिचं शिवणयंत्र उघडंच होतं. त्याच्या खणात तिची मोठी कात्री होती. तिला हात लावायची मला बंदी होती.

मी बंट्याला मागच्या खोलीत नेलं. आता आठवतं, की मला अजिबात भीती वाटत नव्हती. मला वाटत होतं, मी घरातलं एक फार मोठं काम उरकतेय, जे मोठ्यांना सुचत नाहीये. केस असेपर्यंत भांडण. केस गेले की देवीला काय द्यायचं आणि आश्रमात काय न्यायचं? दोघं जरा रागावतील, मग संध्याकाळी सगळे जेवायला बसतील.

लाल रिबीन बांधलेली वेणी मी मानेजवळ धरली आणि कात्री चालवली. एवढी जाड वेणी एका घावात कापली जात नाही. चार-पाच वेळा कचकच करावी लागली. मग ती एकदम माझ्या हातात आली, आणि तिचं वजन मला अजून आठवतं. एखादं पाखरू धरल्यासारखं वाटलं.

मागचे केस कसेबसे सारखे केले. कानाजवळ कात्री घसरली.

“आई गं!”

“गप, गप. काही नाही झालं.”

कानाच्या पाळीवर रक्त आलं होतं. मी पळत जाऊन हळदीचा डबा आणला आणि मूठभर हळद दाबून धरली. तो रडला नाही. त्यानं मान इकडे तिकडे हलवून बघितली आणि खुदकन हसला. “हलकं हलकं झालं,” म्हणाला.

“आता ऐक. कुणाला सांगायचं नाही. शप्पथ घे.”

“कुणाची?”

“देवाची.”

“कोणत्या?”

आमच्या घरात हा प्रश्न खराच होता. मी थोडा विचार केला आणि म्हणाले, “दोन्ही.”

त्यानं आधी आईच्या कोनाड्याकडे तोंड केलं आणि गळ्याला चिमटा धरून शप्पथ घेतली. मग वळून बाबांच्या देव्हाऱ्याकडे तोंड करून पुन्हा घेतली. मग माझ्याकडे बघितलं. “कधी सुटणार?”

“मी सुटली म्हणाले की.”

वेणी मी जुन्या ओढणीत गुंडाळली, शिडी लावून गिरणीच्या माळ्यावर चढले आणि गिरणीच्या जुन्या पट्ट्यामागे सारली. खाली कबऱ्या कोंडा खात उभा होता. खालूनच त्यानं माझ्याकडे मान वर केली.

* * *

पहिली किंकाळी आत्याची.

“अगं बाई बाई बाई! काय केलं हे! देवीचं धन नेलं गं कुणी!”

बाबा आणि आई दोन बाजूंनी एकाच वेळी आत आले. मध्ये बंट्या उभा, मुंडकं उंदरानं कुरतडल्यासारखं. बाबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, एकदा, दोनदा. मग आईकडे बघितलं.

“केलंस ना शेवटी.”

“मी?” आईचा चेहरा पांढरा पडला. “मी केलं? मी शेजारी होते. तुम्ही कापून ठेवले केस! उद्या गुपचूप टेकडीवर नेणार, नवस फेडणार, आणि मला सांगणार की पोराला नेलंच नाही!”

“माझ्या देवीशी मी चोरी करीन?”

“माझ्या देवाला मी चोरीचं नेऊन वाहीन?”

“कात्री तुझी आहे.”

“आणि घरात कोण होतं? आक्का होत्या!”

आत्यानं छाती बडवली. “माझ्या गळ्यावर सुरी फिरव, पण हे बोलू नको!”

बाबा खाली बसले. बंट्याचे दोन्ही खांदे धरून म्हणाले, “अंबादास, कुणी कापले? बाबाला सांग. मारणार नाही मी.”

बंट्यानं दोन्ही तळवे तोंडावर गच्च दाबले आणि डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

“बघ,” बाबा आईला म्हणाले. “पढवून ठेवलंय पोराला.”

आई त्याच्याजवळ गेली. “चक्रपाणी, बोल बाळा.” तळवे आणखी घट्ट. आई बाबांकडे वळली. “किती धाक घातलाय तुम्ही त्याला.”

मग बाबांनी मला विचारलं. “वैजू, तू होतीस ना घरात?”

मला आठवतं, त्या वेळी खोलीत एकदम लाइट आली. गिरणीचं बटण तसंच चालू राहिलं होतं, बाहेर पट्टा घरघर फिरायला लागला. तो आवाज आला नसता तर मी बोलले असते, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे आवाज येऊन गेल्यावरही बाबा माझ्या उत्तरासाठी थांबले होते.

“मी झोपले होते,” मी म्हणाले.

* * *

शुक्रवारी सकाळी जीप आली. बाबा म्हणाले, “नवस देवीचा आहे. पोर नसलं तरी बोकड द्यावा लागतो.” आत्या आणि भावकीतली चार माणसं जीपमध्ये बसली. कबऱ्याला मागे चढवलं. बंट्याला आईनं मागच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. तो आतून दार वाजवत होता. “केस नाहीत ना आता! मला केस नाहीत!” असं तो ओरडत होता, आणि बाहेर कुणालाच कळत नव्हतं तो काय म्हणतोय. मला कळत होतं.

जीप गेल्यावर आईनं एका पिशवीत दोन लुगडी, बंट्याचे कपडे आणि कोनाड्यातला तिचा विशेष घेतला. विशेष म्हणजे तिच्या पंथातली पूजेची वस्तू, रेशमी कापडात बांधलेली. ती पिशवी खांद्याला लावून तिनं मला हाक मारली.

“येतेस?”

एसटीत दोन तास तिच्या शेजारी बसले तर मी बोलून जाईन, हे मला ठाऊक होतं.

“बाबांना भाकरी कोण करील?” मी म्हणाले.

“आक्का आहेत.”

आईनं पिशवी खाली ठेवली. माझा उजवा हात हातात घेतला, उताणा केला, बोटांकडे बघितलं. मग एकेक बोट मिटवून माझी मूठ बंद केली, आणि ती मूठ दोन्ही हातांत धरून उभी राहिली. किती वेळ कोण जाणे.

“शाळा सोडू नको,” म्हणाली, आणि गेली.

मला वाटलं होतं, आठ दिवसांनी येईल. मग वाटलं, दिवाळीला येईल. ती मामाच्या गावी राहिली, नंतर आश्रमाजवळ खोली घेऊन शिवणकाम करू लागली. बंट्याचं नाव तिकडच्या शाळेत चक्रपाणी म्हणून लागलं. मी सुट्टीत जायचे. स्टँडवर उतरले की तो धावत यायचा आणि पहिला प्रश्न कानात विचारायचा, “ताई, सुटली का?”

“अजून नाही.”

बाबा वर्षातून दोनदा त्याला भेटायला जायचे. स्टँडवरच. दोघं बाकावर बसायचे, बाबा त्याला शेंगदाण्याचा लाडू द्यायचे आणि “बरं चाललंय ना?” विचारायचे. बंट्या मान हलवायचा. बाबांपुढे तोंड उघडायला तो घाबरायचा, चुकून काही निसटेल म्हणून. बाबांना वाटायचं, पोराला आपली ओढच नाही.

दहा-अकरा वर्षांचा झाल्यावर त्यानं “सुटली का” विचारणं बंद केलं. मला हायसं वाटलं होतं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

माझ्या लग्नात दोघं एका मांडवात होते. देवकाला बाबांऐवजी भावकीतलं एक जोडपं बसवलं. आई मागच्या रांगेत, मांडीवर स्वतःचा डबा घेऊन. मुहूर्त जवळ आल्यावर तिनं मला निरोप दिला, “बाबांना सांग, फेटा सुटलाय.” मी सांगितलं. बाबांनी फेटा सारखा केला आणि म्हणाले, “आईला सांग, उन्हातून उठ म्हणावं.”

* * *

गेल्या महिन्यात माझ्या ओजसला वर्ष झालं. सासूबाई म्हणाल्या, “जावळ घरीच काढू, नाशकात कुठं कुणाला बोलवायचं? मामा आला म्हणजे झालं.”

मामा म्हणजे बंट्या. बावीस वर्षांचा, पुण्याला नोकरी करणारा, दर पंधरा दिवसांनी केस बारीक कापून घेणारा. मी बाबांनाही बोलावलं, आईलाही. ओजससाठी दोघंही हो म्हणाले. एकमेकांबद्दल कुणीच विचारलं नाही.

बाबा आदल्या दिवशी आले. आता गिरणी दुसऱ्याला चालवायला दिलीय, तरी त्यांच्या भुवया मला पांढऱ्याच दिसतात, आता वयानं. ओजसला खेळवून झाल्यावर त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं काढून माझ्या हातात दिलं.

“हे तुझं.”

दोरा सोडायच्या आधीच मला कळलं. तेच वजन होतं. ओढणी माझी होती, वेणीची लाल रिबीन विटून गुलाबी झाली होती, आणि सगळ्यावर पिठाची बारीक भुकटी बसली होती.

“कुठं सापडलं?”

“माळ्यावर.”

“कधी?”

बाबा ओजसच्या पायातलं वाळं फिरवत बसले. “तुझी आई गेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी. पट्टा तुटला होता. जुना काढायला वर चढलो.”

सतरा वर्षं. मी कॉटवर बसले.

“बाबा, मग आईकडं का नाही गेलात? म्हणायचं होतं ना, तू नाही, मी पण नाही.”

“तुझं नाव घ्यावं लागलं असतं.”

एवढंच म्हणाले, आणि ओजसला खांद्यावर टाकून गच्चीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आली. दारात मला तिच्या पंथाच्या रीतीनं “दंडवत” म्हणाली, ओजसचा मुका घेतला आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन डब्यातून स्वतःचा छोटा तवा काढला. मी पुडकं ओट्यावर ठेवलं. तिनं ते उघडलं नाही. वर्तमानपत्रातून रिबिनीचं एक टोक बाहेर आलं होतं, त्याच्याकडे तिनं बघितलं आणि हात पुसले.

“त्यांना सापडलं होय.”

“आई, तुला माहीत होतं?”

“तुझी बोटं पिवळी होती. आणि त्याच्या कानाला हळद. आक्का असत्या तर त्यांनी देवीचा अंगारा लावला असता.” ती थोडी हसली. “निघताना बघितली मी बोटं.”

“मग दाराबाहेर पाऊल टाकायच्या आधी का नाही बोललीस? बाबा संध्याकाळी टेकडीवरून परत आले होते. तू थांबली असतीस तर...”

आईनं तवा गॅसवर ठेवला. तो तापेपर्यंत पिठाचा गोळा थापायला घेतला.

“तुझं नाव घ्यावं लागलं असतं,” ती म्हणाली.

शब्द तेच. एकाही शब्दाचा फरक नाही. सतरा वर्षं ही दोन माणसं एकमेकांशी थेट बोललेली नाहीत, आणि उत्तर मात्र दोघांनी एकच ठेवलं होतं. माझ्यासाठी. मला ते खरं वाटावं असं फार वाटत होतं. मी ओट्याला टेकून उभी राहिले, बाहेर ओजस कशाला तरी खिदळत होता, आणि मला वाटलं, उद्या ह्यानं काही केलं तर मी काय करीन.

“घ्यायचं होतं ना माझं नाव,” मी म्हणाले. “दोन थपडा बसल्या असत्या, आई. दोन थपडा खाऊन मी झोपले असते.”

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. तव्यावर भाकरी टाकली आणि नेहमीसारखं तिच्यावरून पाणी फिरवलं.

* * *

हॉलमध्ये सासूबाईंनी पाट मांडला होता. बंट्या मांडी घालून बसला, मांडीवर ओजस, नवा अंगरखा घालून. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत, आई स्वयंपाकघराच्या दारात. दोघांच्या मध्ये पाट. न्हावी कात्री-कंगवा काढत होता. मी औक्षणाचं ताट घेऊन आले, तेव्हा ओट्यावरून उचललेलं पुडकं माझ्या काखेतच राहिलं होतं. ते खाली पडलं. ओढणी सुटली.

बंट्यानं वेणीकडे बघितलं. मग एका हातानं ओजसला धरून दुसरा तळवा त्यानं तोंडावर दाबला, पाच वर्षांच्या पोरासारखा. गंमत म्हणून केलं असेल. पण तळवा तिथेच राहिला.

“ताई,” तो तळव्याआडून म्हणाला, “आता तरी सुटली म्हण ना.”

सासूबाई म्हणाल्या, “काय रे, काय सुटली?”

मी ताट खाली ठेवलं.

“सुटली,” मी म्हणाले.

त्यानं हात खाली घेतला. बाबांकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि एका दमात म्हणाला, “आईनं नव्हते कापले. बाबांनी पण नाही. माझे केस ताईनं कापले. कबऱ्याला वाचवायला. मीच म्हणालो होतो तिला.”

सतरा वर्षं सांभाळलेलं वाक्य. ते ऐकून दोघांना धक्का बसेल, कुणीतरी उठून उभं राहील, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. आईनं पदर दोन्ही हातांत गोळा केला.

बंट्याचा चेहरा हळूहळू बदलला.

“तुम्हाला माहीत होतं?”

त्यानं बाबांकडून आईकडे नजर वळवली.

“दोघांना?”

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. ओजसनं मामाचा कान पकडला आणि पाळीवरचा तो छोटा व्रण ओढायला लागला. बंट्यानं त्याची मूठ सोडवली, पुन्हा ओजसनं पकडली. मला वाटलं, आता हा ओजसला माझ्या हातात देईल, चपला घालेल आणि जाईल. त्याला तेवढा हक्क होता. पण पेलाभर पाणी मागावं तसा तो शांतपणे न्हाव्याला म्हणाला, “काका, कात्री तिला द्या. पहिली बट ती काढील.”

“अहो, बाईमाणूस कशाला...”

“द्या. तिला सवय आहे.”

न्हाव्यानं सासूबाईंकडे बघितलं, मग कात्री माझ्या हातात दिली. मी बंट्यासमोर गुडघ्यांवर बसले. ओजसच्या कपाळावरची बट बोटांत घेतली. ती मऊ होती, थोडी तांबूस. समोर माझा भाऊ होता, त्याचे डोळे भरले होते, आणि त्यानं ते पुसले नाहीत.

पहिली बट निघाली. दुसरीसाठी मी हात कानाकडे नेला.

“ताई,” बंट्या हळूच म्हणाला, “तिथं जपून.”